कागदावर ५० भार, काट्यावर ५७! आजीची चांदी वाढली कशी?

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. घरातला मामला आहे, पण इथे सोन्याचांदीतले जाणकार आहेत म्हणून धागा काढतोय.

आमची आजी गेल्या वर्षी गेली. वर्षश्राद्ध झालं आणि मागच्या आठवड्यात तिचा पितळी डबा उघडला. वडील, थोरले काका (नाशिकला असतात) आणि आत्या (धरणगावला दिलेली) असे तिघंही होते. डब्यात तोड्यांचा जोड, एक करदोडा, पैंजण, वाक्यांचा (दंडातल्या कड्यांचा) जोड आणि एका फडक्यात बांधलेले बारा जुने रुपये. सगळ्याच्या खाली आजोबांच्या वहीतलं एक पान, घडी घालून ठेवलेलं. त्यावर लिहिलंय: 'अक्षय्य तृतीया १९५३. चांदीचे डाग एकूण भार ५०. रुपये निराळे.' (डाग म्हणजे दागिने.)

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या सराफाकडे गेलो. दागिने एकत्र काट्यावर ठेवले, आकडा आला ५७४ ग्रॅम. सराफ म्हणाला, "सत्तावन्न भार, वर चार ग्रॅम." आता पन्नासाचे सत्तावन्न झाले कसे? आत्या म्हणते आईने कापसाच्या पैशातून भर घातली असेल. काका म्हणतात मग वहीत लिहिलं का नाही, आजोबा तर काडेपेटीचाही हिशेब लिहायचे. त्यांना वाटतंय मधे कधीतरी डागांची अदलाबदल झालीय. बोलत नाहीत, पण घर आमच्याच ताब्यात होतं, त्यामुळे रोख कळतो.

दुसरं म्हणजे सराफ म्हणाला, "मोडायचं असेल तर सरसकट साठ टक्के धरू." हे साठ कुठून आले? वजन ५७४ आणि पैसे ३४४ ग्रॅमचे, हे बरोबर आहे का?

---

भरीतभाकर

आजींनी कानबाईला (आपल्या खान्देशातली देवी) काय नवस केला होता तेवढं आधी सांगा. आमच्या घरातली चांदी दर पिढीला कमीच होत आलीय.

---

कापूसकोंड्या

काटाच खोटा असेल. दुसऱ्या दुकानात जाऊन बघा.

---

निवृत्त_मास्तर

गिरणाकाठ, चांदी वाढली नाही, भार लहान झाला.

तुमच्या आजोबांचा भार म्हणजे रुपयाभार. इंग्रजी अमदानीतला चांदीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा पाडलेला असे, १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. १८३५ पासून ते माप ठरलेलं. त्यामुळे रुपया हेच वजन. निराळं माप विकत आणायची गरज नाही. त्याखालचं कोष्टक आम्हाला शाळेत तोंडपाठ होतं: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. ९६ गुंजा म्हणजे एक तोळा. लाल-काळी गुंज पाहिली असेल, तीच. सातपुड्याच्या बाजूला वेल असतात. (बी विषारी असते, पोरांच्या हाती देऊ नका.) ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर, कच्चे शेर मात्र गावोगाव वेगळे.

मी सहा-सात वर्षांचा असताना वडिलांबरोबर पारोळ्याला एका सराफाच्या पेढीवर गेलो होतो. आईच्या पाटल्यांबरोबरच चांदीच्या साखळ्या करायच्या होत्या. सराफाने लाकडी पेटीतून ताजवा (छोटा तराजू) काढला. आधी रिकामी पारडी अधांतरी धरली, एका बाजूला चिंचोका ठेवून धडा केला, म्हणजे दोन्ही पारडी समान केली. मग एका पारड्यात साखळ्या आणि दुसऱ्यात रुपये, एकेक करून, मोठ्याने मोजत. लाभ, दोन, तीन... एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. शेवटच्या रुपयाला पारडं खाली गेलं तेव्हा तो काढून पावली ठेवली, मग दोन गुंजा. वडील मान खाली घालून काट्याच्या जिभेकडे बघत होते. दुकानात कुणी श्वास घेत नव्हतं.

पुढे १९५६ चा वजनमापांचा कायदा आला, १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि हळूहळू ग्रॅम-किलो रुळले. पण जिभेवरचा तोळा आणि भार जाईना. म्हणून व्यापाराने सोय केली, दहा ग्रॅमलाच तोळा आणि भार म्हणायला लागले. शब्द जुना, माप नवं. आता हिशेब करा: ५० × ११.६६४ = ५८३.२ ग्रॅम.

---

पुणेरी_खान्देशी

म्हणजे घरात यायला हवी होती ५८३ आणि आली ५७४. आधी सात भार जास्त होती, आता नऊ ग्रॅम कमी! मास्तर, तुम्ही भांडण मिटवलंत की नवीन लावून दिलंत?

---

गिरणाकाठ

मास्तर, दंडवत! काकांना फोन करून सांगितलं. दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं, मग ते नऊ ग्रॅम कुठे गेले?"

---

भरीतभाकर

😂😂 काका हाडाचे खान्देशी.

---

सराफकट्टा

मी जळगावला, तिसऱ्या पिढीत याच धंद्यात. म्हणून सविस्तर लिहितो.

नऊ ग्रॅमचं आधी. ५८३ मधले ९ म्हणजे दीड टक्का. सत्तर वर्षं अंगावर वापरलेल्या चांदीला ही झीज काहीच नाही. करदोड्याच्या कड्या एकमेकींवर घासतात, पैंजणाची घुंगरं पडतात. घुंगरं मोजून बघा, दोन्ही पायांची सारखी भरली तर मला सांगा. शिवाय दरवर्षी दिवाळीला रिठ्याने, राखेने घासून उजळवलेली असणार. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे, आणि तो काळा थर घासला की थोडी चांदीही त्याबरोबर जातेच. आमच्या दुकानातला केरसुद्धा झारेकरी (केरातून सोनं-चांदी वेचणारे) पैसे देऊन नेतात, मग कळेल.

आता साठ टक्के. वजन आणि शुद्धता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काटा फक्त वजन सांगतो. त्यातली खरी चांदी किती ते टंच सांगतो. शंभरात किती भाग शुद्ध, तो टंच. निव्वळ चांदी मऊ असते, तिचा तोडा वाकून जाईल, म्हणून तांबं घालतात. शिवाय जोड जिथे जिथे आहे तिथे डाख (सांधायचा मिश्र धातू) असतो, आणि डाखाचा टंच आणखी कमी, कारण तो दागिन्याच्या आधी वितळायला हवा. पैंजणाला शंभर जोड म्हणजे शंभर ठिकाणी डाख. म्हणून पैंजण नेहमी टंचात मार खातं.

हिशेब साधा आहे: वजन × टंच × शुद्ध चांदीचा त्या दिवसाचा भाव. सोयीसाठी भाव लाख रुपये किलो धरू. ५७४ ग्रॅम, ६० टंच, म्हणजे ३४४.४ ग्रॅम शुद्ध, म्हणजे ३४,४४० रुपये. त्यातून गाळणावळ (वितळवायचा खर्च) थोडी जाईल.

पण 'सरसकट' म्हणाला ना, तिथे थांबा. चार वेगळे डाग, कदाचित चार वेगळ्या कारागिरांचे. सरसकट साठ म्हणजे त्याने स्वतःची जोखीम झाकलीय. यात फसवणूक नाही, पण तुमचा तोटा होऊ शकतो. एकेक डाग वेगळा तपासून घ्या.

---

कापूसकोंड्या

सराफकट्टा साहेब, एक सरळ विचारतो. मी बहिणीच्या लग्नात एका दुकानातून पैंजण घेतलं. पावतीवर 'चांदी' एवढंच, चांदीच्या पूर्ण भावाने पैसे घेतले, वर घडणावळ. तीन वर्षांनी गरजेला मोडायला नेलं तर त्याच दुकानदाराने सांगितलं, "यात निम्मीच चांदी आहे." घेताना शंभर आणि देताना पन्नास? मग तुमचा टंच विकताना कुठे झोपतो?

---

सराफकट्टा

कापूसकोंड्या, राग रास्त आहे, मी त्या दुकानाची बाजू घेणार नाही. पण धंद्याची रीत सांगतो, ती गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही.

ठोक बाजारात पैंजणाची मजुरी बऱ्याचदा रुपयांत नसतेच, टंचात असते. समजा माल ६५ टंचाचा. ठोक व्यापारी आम्हाला तो ७५ च्या हिशेबाने देतो. वरचे दहा म्हणजे त्याची मजुरी आणि तूट. किलोभर माल घेतला तर आम्ही त्याला ७५० ग्रॅम शुद्ध चांदी द्यायची. पुढे किरकोळ दुकानदार कुणी टंच सांगून विकतो, कुणी सगळं एकात मिसळून ग्रॅमचा एकच भाव लावतो. त्या दुसऱ्या पद्धतीत गिऱ्हाईक समजतं की आपण शुद्ध चांदी घेतली.

उपाय एकच, पावतीवर वजन, टंच, भाव आणि घडणावळ असे चार आकडे वेगळे मागा. आणि हॉलमार्क. चांदीला तो सोन्यासारखा सक्तीचा नाही, ऐच्छिक आहे, पण १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीलाही सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी (त्या डागाचा ओळख क्रमांक) मिळतो. ८००, ८३५, ९२५, ९५८, ९७०, ९९० आणि ९९९ असे सात दर्जे आहेत. ९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग. बीआयएस केअर ॲपवर तो नंबर टाकला की कळतं.

---

कापूसकोंड्या

चार आकडे मागितले की दुकानदार असा बघतो जणू मी आयकरवाला आहे. पण ठीक, मान्य. पुढच्या वेळी मागीन.

---

सातपुडा_वारा

अवांतर, पण राहवत नाही. मी अकरा वर्षं धडगाव तालुक्यात शाळेवर होतो. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतो तेव्हा पावरा आदिवासी बायांच्या अंगावरची चांदी बघावी. गळ्यात जाड हसळी, कमरेला करदोडा, हातापायांत कडी. एकेकीच्या अंगावर किलोच्या वर. माझ्या शेजारची म्हातारी बँकेत खातं असूनही म्हणायची, "ते पुस्तक पावसात भिजतं, हे भिजत नाही."

पेरणीच्या आधी तीच हसळी गहाण जायची आणि पीक आलं की सुटून यायची. काही घरांतली हसळी वर्षातून चार महिने गळ्यात आणि आठ महिने सावकाराच्या तिजोरीत. तिथे मी पाहिलेली गंमत अशी की बायांना आपल्या हसळीचं वजन ग्रॅममध्ये माहीत नसे, पण परत आलेली हसळी हातात घेताच "ही माझीच" किंवा "हलकी लागते" हे बरोबर सांगत. एकदा खरोखर एकीची कडी बदललेली निघाली. सावकाराच्या दारात बाई दिवसभर बसून राहिली, संध्याकाळी तिची कडी आली.

---

निवृत्त_मास्तर

सातपुडा_वारा, 'हातचा काटा' म्हणतात तो हाच. छान लिहिलंत.

---

दूरदेशी_खान्देशी

मूळचा अमळनेरचा, आता लंडनजवळ. इथे चांदी औंसात आणि डॉलरात बोलतात, म्हणून मला कायम गोंधळ होतो. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'जळगाव सराफ बाजारात चांदी इतकी वाढली' अशी बातमी येते आणि मी इथला भाव गुणायला बसतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर औंस २८.३५ ग्रॅमचा आहे. त्याने हिशेब केला की कधीच जुळत नाही. कुणीतरी सांगा.

---

प्रयोगवही

तुमचा औंस चुकलाय. चांदी-सोन्याचा औंस वेगळा, ट्रॉय औंस, ३१.१०३५ ग्रॅमचा. पीठ-लोण्याचा औंस २८.३५ चा. एक किलोत ट्रॉय औंस ३२.१५.

समजा औंस ३० डॉलर आणि डॉलर ८५ रुपये (आकडे फक्त उदाहरणाचे). ३० × ३२.१५ × ८५ म्हणजे साधारण ८१,९८० रुपये किलो. त्यावर आयात शुल्क. ते जुलै २०२४ मध्ये १५ वरून ६ टक्क्यांवर आणलं होतं. ६ धरलं तर ८६,९०० च्या आसपास. वर ३ टक्के जीएसटी लावला की ८९,५०० च्या घरात. बातमीतला भाव जीएसटीसह आहे की सोडून, हे बघायला विसरू नका, अर्धे वाद तिथेच होतात.

आणि एक कोडं: एक पौंड पिसं जड की एक पौंड चांदी?

---

भरीतभाकर

दोन्ही सारखे. तिसरीतलं कोडं आहे हे.

---

प्रयोगवही

चूक! पिसं नेहमीच्या पौंडाने, ४५३.६ ग्रॅम. चांदी ट्रॉय पौंडाने, आणि त्यात औंस बाराच, म्हणून ३७३.२ ग्रॅम. पिसं जड. पण एक औंस म्हटलं तर चांदी जड. 😄

---

भरीतभाकर

इंग्रजांनी दीडशे वर्षं राज्य कसं केलं ते आता कळलं.

---

गिरणाकाठ

मूळ मुद्द्यावर येऊ का? शनिवारी जळगावला गेलो होतो. टंच काढायचं मशीन आहे अशा ठिकाणी चारही डाग वेगळे तपासले. तोड्याला मशीनने ७८ दाखवलं! मी खूश. मग तिथल्या माणसाने आतल्या बाजूला कानशीने जरा घासलं आणि परत लावलं, तर ६६. म्हणाला ६६ च खरं. मला काही समजलं नाही. मशीन खोटं बोललं की कानस?

---

प्रयोगवही

दोघंही खरं बोलले. ते क्ष-किरणांचं मशीन फक्त वरची पातळ कातडी वाचतं. जुने कारागीर डाग तयार झाला की आंबट पाण्यात किंवा तेजाबात (ॲसिडमध्ये) उकळून उजळवत. त्यात वरवरचं तांबं निघून जातं आणि चांदी उरते. म्हणजे कातडी शुद्ध, पोट मिश्र. घरी चिंचेने घासूनही वर्षानुवर्षं थोडं तेच होतं. म्हणून कानशीने आत जाऊन वाचायचं. फारच शंका असेल तर प्रयोगशाळेत तुकडा तेजाबात विरघळवून, मिठाच्या पाण्याने चांदी खाली बसवून मोजतात. तिथे कातडी-पोट हा प्रश्नच उरत नाही. पण चाळीस हजारांच्या डागासाठी कुणी एवढं करत नाही.

---

पुणेरी_खान्देशी

आमच्याकडे तर ठाम समज की 'जुनी चांदी म्हणजे शंभर नंबरी, हल्लीचीच भेसळीची.' तोडा ६६ निघाला म्हणजे आजीच्या काळातही...

---

सराफकट्टा

आजीच्या काळात तर टंच मोजायची सोयच कमी होती. कसोटीच्या दगडावर रेघ ओढायची, शेजारी माहितीच्या चांदीची रेघ ओढायची, तेजाबाचा थेंब टाकायचा आणि डोळ्याने ठरवायचं. चांगल्या सराफाचा डोळा दोन-चार टंचांपर्यंत बरोबर यायचा. पण आठवडी बाजारात फिरून डाग विकणारा काय देईल ते त्याच्या इमानावर. माझ्या हातात ९० चे जुने डाग आलेत आणि ४० चेसुद्धा.

गिरणाकाठ, बाकीचे आकडे टाका की.

---

गिरणाकाठ

हे घ्या. (घासून घेतलेले आकडे.)

तोडे ३१० ग्रॅम, ६६ टंच. करदोडा १४८ ग्रॅम, ८०. पैंजण ७० ग्रॅम, ५५. वाक्या ४६ ग्रॅम, ८५. घुंगरंही मोजली: एका पायात २२, दुसऱ्यात १९. सराफकट्टा, तुम्ही ज्योतिषी आहात.

---

सराफकट्टा

शुद्ध चांदी अशी: तोडे २०४.६, करदोडा ११८.४, पैंजण ३८.५, वाक्या ३९.१. बेरीज ४००.६ ग्रॅम. म्हणजे सरासरी जवळपास ७० टंच. सरसकट ६० ला ३४४.४ धरले होते. फरक ५६ ग्रॅम शुद्ध चांदीचा. लाखाच्या भावाने साडेपाच हजारांवर.

मोडणार असाल तर आणखी एक सांगतो. घरगुती माणसाने जुना डाग सराफाला विकला तर त्यावर जीएसटी लागत नाही. कुणी कापायला लागलं तर विचारा कशाचा.

---

निवृत्त_मास्तर

आणि भाव चढलाय म्हणून घाईने मोडू नका. जानेवारी १९८० मध्ये अमेरिकेतल्या हंट बंधूंच्या साठेबाजीने चांदी औंसाला पन्नास डॉलरपर्यंत चढली होती, २७ मार्चला एका दिवसात कोसळली. आमच्या गावातही एकाने भाव आणखी वाढेल म्हणून बायकोचे गोठ (हातातले दागिने) गहाण ठेवून उलट चांदी विकत घेतली होती. पुढे किती वर्षं तो चांदीचा विषय निघाला की उठून जायचा.

बरं, ते बारा रुपये कुठे आहेत? त्यांच्याबद्दल कुणीच बोललं नाही.

---

गिरणाकाठ

ते तर वाटून झाले, मास्तर. काकांनी तिथेच मूठ भरून चार-चार वाटले. वजन केलं तर सगळे ११.६ च्या आसपास, मग वाद कशाला. काकांना चार राणीचे आले, वडिलांना एक राणीचा, एक बोडक्या राजाचा, एक मुकुटवाल्याचा आणि एक १९४४ चा, आत्याला सगळे १९४४-४५ चे.

---

निवृत्त_मास्तर

अरेरे! आत्याबाईंचं नुकसान झालं.

राणी (व्हिक्टोरिया), बोडका राजा (सातवा एडवर्ड, त्याच्या रुपयावर मुकुट नाही आणि टक्कल दिसतं) आणि मुकुटवाला पाचवा जॉर्ज, या सगळ्यांचा रुपया बाराला अकरा चांदीचा, म्हणजे ९१.७ टंच. रुपयात १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी. पण दुसऱ्या महायुद्धात चांदी महागली आणि १९४० पासून सरकारने रुपया अर्ध्या चांदीचा केला: ५० टक्के चांदी, ४० तांबं, ५ निकेल, ५ जस्त. वजन तेच ११.६६, आकार तोच, राजा सहावा जॉर्ज. चांदी फक्त ५.८३ ग्रॅम. १९४७ ला तर निव्वळ निकेलचा आला.

तर काकांकडे ४२.८ ग्रॅम शुद्ध, तुमच्या वडिलांकडे ३७.९ आणि आत्याबाईंकडे २३.३. काटा तिघांनाही सारखंच सांगणार. खरं तर राणीछाप रुपया चांदीच्या भावाने विकूच नये, नाणी जमवणारे घेतात ते वेगळ्या हिशेबाने.

---

प्रयोगवही

आत्यांना घरीच दाखवायचं असेल तर करून बघा. शंभरावा भाग ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. त्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करा. रुपया दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. राणीचा रुपया साधारण १.१३ ग्रॅम दाखवेल, १९४४ चा १.२२ च्या आसपास. तांबं-निकेल चांदीपेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाला जागा जास्त लागते. पोकळ किंवा लाख भरलेल्या डागाला ही युक्ती चालत नाही, नाण्याला झकास चालते.

---

पुणेरी_खान्देशी

शाळेत हे असं शिकवलं असतं तर आर्किमिडीज माझा आवडता झाला असता. वाचनखूण साठवली.

---

गिरणाकाठ

शेवटची बातमी देतो.

रविवारी आत्या आणि काका दोघंही आले. मी ओट्यावर पेला, दोरा, काटा मांडून बसलो. राणी बुडवली: १.१३. आत्याचा जॉर्ज बुडवला: १.२१. काकांनी स्वतः तीनदा करून बघितलं, चौथ्यांदा चष्मा पुसून. मग काही न बोलता आपल्यातले दोन राणीछाप काढून आत्यासमोर सरकवले.

आत्याने ते परत ढकलले. म्हणाली, "माले तो बोडका राजा दे, बाकीनं तुम्हीच पाही ल्या." तिचे सासरे तसेच दिसायचे म्हणे. वडिलांनी दिला. तरी काकांनी जाताना एक राणी तिच्या पिशवीत टाकलीच, मी बघितलं.

डाग मोडायचे नाहीत असं ठरलं. पैंजण आत्याला, बाकी डबा आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) आमच्याच कपाटात. आजोबांच्या पानाखाली नवीन पान ठेवलंय: तारीख, प्रत्येक डागाचं वजन ग्रॅममध्ये, घुंगरं किती, तिघांच्या सह्या. 'भार' हा शब्द मुद्दाम लिहिला नाही.

---

सराफकट्टा

टंच लिहिलात का?

---

गिरणाकाठ

...लिहितो.